मावशीची मॅनेजर

कॉलेजच्या पुस्तकांच्या दुकानात बाई लागल्या त्या बदली म्हणून. आधीची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. ती परत आली की यांनी जायचं असं ठरलं होतं. ती परत आलीच नाही, आणि यांना जा म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बघता बघता बाईंचे केस पिकले. त्यांनी कुठल्या वर्गात खडू हातात धरला नव्हता, पण नवीन मुलं त्यांना प्राध्यापिका समजून 'बाई' म्हणत, जुनी मुलं सवयीनं म्हणत. शेवटी प्राचार्यही म्हणायला लागले.

दुकान म्हणजे ग्रंथालयाच्या इमारतीतली जिन्याखालची लांबट खोली. आत शिरलं की तीन पावलांवर भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी काउंटर, त्याच्यामागे छतापर्यंत फडताळं आणि एक डुगडुगणारी शिडी. मुलानं पुस्तकाचं नाव सांगायचं, बाईंनी आत जाऊन ते आणायचं, शेजारच्या टेबलावर कॅशियरनं पावती फाडायची. कॅशियर दिवसभर गल्ल्यावर बसायचे म्हणून मुलांनी त्यांचं नाव 'शेठ' पाडलं होतं. हाडकुळ्या अंगाचा, मितभाषी माणूस, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

कुणालाही पुस्तक हातात घेऊन चाळायची मुभा नव्हती. "घ्यायचंय की बघायचंय?" हा बाईंचा ठरलेला प्रश्न. बघायचंय म्हणणाऱ्याला त्या बोटानं ग्रंथालयाचा जिना दाखवत. त्या स्वतः पुस्तकं वाचत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "शिंप्याच्या अंगावर कधी नवा कपडा बघितलाय?"

दुकान चालवायची प्राध्यापकांची एक समिती. खरं सांगायचं तर ते दुकान चालत नव्हतं, रेटलं जात होतं. पुस्तकं परीक्षा तोंडावर आल्यावर यायची. छत गळायचं त्या कोपऱ्यात बादली ठेवलेली असायची. मॅनेजर निवृत्तीला टेकलेले, आणि टेकलेले म्हणजे अक्षरशः खुर्चीला मान टेकून. समितीच्या सभेत दरवर्षी यावर चिंता व्यक्त व्हायची आणि चहा होऊन सभा संपायची.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच. यजमान वजनकाटे दुरुस्त करत. मूल नव्हतं. पण घर रिकामं म्हणावं असंही नव्हतं, कारण बाईंची थोरली बहीण, अक्का, दोन गल्ल्या सोडून राहायची. अक्का सरकारी इस्पितळात नर्स, तिच्या पाळ्या कधी सकाळच्या तर कधी रात्रीच्या. त्यामुळे अक्काची मुलगी अर्धी मावशीकडेच वाढली. शाळा सुटली की ती दुकानात यायची, काउंटरच्या आतल्या बाजूला पोत्यावर बसून गृहपाठ करायची. पाढे बाईंनी पाठ करून घेतले, बुटाची नाडी बांधायला यजमानांनी शिकवलं. "माय मरो पण मावशी जगो," असं यजमान गमतीनं म्हणायचे. अक्काला ती गंमत कधीच आवडली नाही.

भाची शिकली, व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि एका कंपनीत लागली. कंपनी वेगवेगळ्या कॉलेजांतली दुकानं चालवायला घ्यायची. पुस्तकं, वह्या, कॉलेजचं नाव छापलेले शर्ट आणि कप विकायची. भाची या गावाहून त्या गावाला असायची. फोनवर नेहमी घाईत.

एके दिवशी प्राचार्यांनी दुकानातल्या तिघांना बोलावून सांगितलं की समिती बरखास्त झाली आहे, नव्या सत्रापासून दुकान एका कंपनीकडे जाईल, आणि जुन्या माणसांना ठेवायचं की नाही ते कंपनी मुलाखत घेऊन ठरवेल. मॅनेजरनी तिथल्या तिथे निवृत्ती पत्करली. शेठ परत गल्ल्यावर जाऊन बसले. बाईंनी मात्र कंपनीचं नाव ऐकलं आणि बाहेर येऊन आधी भाचीला फोन लावला.

"अगं, तुमचीच कंपनी येतेय की आमच्याकडे!"

"हो का," भाची म्हणाली. "बरं, मावशी, मी नंतर बोलू? आत्ता कामात आहे."

नंतर ती बोलली नाही.

मुलाखत प्राध्यापकांच्या खोलीत होती. बाई इस्त्रीचे कपडे घालून गेल्या. टेबलापलीकडे कंपनीचे चष्मेवाले साहेब आणि त्यांच्या शेजारी केस बांधून, समोर कागद घेऊन बसलेली भाची.

बाईंच्या तोंडात 'तू कधी आलीस गं' आलंच होतं.

"बसा," भाची म्हणाली. "तुमचं पूर्ण नाव सांगता?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर खाली केली नाही. मग बाईंनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट.

"आधीचा अनुभव?"

"इथलाच."

"संगणकावर काम केलंय?"

"नाही."

"शिकायची तयारी आहे?"

"ते शिकवणाऱ्यावर आहे," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. भाचीनं कागदावर काहीतरी लिहिलं. साहेबांनी विचारलं, "या आमच्या इथल्या नव्या मॅनेजर. तुमचं यांच्याशी जमेल ना?"

"मॅडमना विचारा," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

संध्याकाळी भाची बाईंच्या घरी आली. बाईंनी दार उघडलं, पण 'ये' म्हटलं नाही. ती आपणहून आत येऊन स्वयंपाकघरातल्या तिच्या नेहमीच्या स्टुलावर बसली.

"मी साहेबांना सांगितलं होतं, नात्यातल्या आहेत म्हणून. म्हणूनच ते मुद्दाम समोर बसले होते."

"साहेबांना सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

"तुला सांगितलं असतं तर तू आईला सांगितलं असतंस, आणि आईनं अख्ख्या वॉर्डाला. माझी ऑर्डर निघायच्या आधी पेशंट माझं अभिनंदन करत आले असते."

यात खोटं काहीच नव्हतं. बाहेरच्या खोलीत यजमान मोठ्यानं हसले. बाईंनी हसू दाबलं आणि चहाचं आधण ठेवलं. त्या चहावर करार झाला. दुकानात तुम्ही आणि मॅडम, घरी तू आणि मावशी, इकडचं तिकडे न्यायचं नाही. बाई आणि शेठ दोघंही नोकरीत राहिले.

सुट्टीत दुकानाचं रूप पालटलं. छत दुरुस्त झालं, बादली गेली. सुतारांनी काउंटर खोलून त्याच्या फळ्या बाहेर व्हरांड्यात रचल्या. आतली फडताळं भिंतीला लागली आणि मधे कमरेएवढी उघडी कपाटं आली. आता मुलांनी आत हिंडायचं, हवं ते पुस्तक स्वतः घ्यायचं आणि दाराजवळच्या मशीनवर आणायचं. मशीन पुस्तकावरच्या काळ्या रेघा वाचून टुक असा आवाज करायचं.

"पोरं पुस्तकं पळवतील," बाई म्हणाल्या.

"थोडी पळवतील," मॅडम म्हणाल्या. "ते गृहीत धरलंय."

चोरी गृहीत धरायची असते हे बाईंना नवीन होतं. घरी येऊन त्यांनी ते यजमानांना दोनदा सांगितलं.

काउंटर गेल्यावर बाईंना उभं कुठं राहायचं तेच कळेना. इतकी वर्षं त्यांचं अर्धं अंग फळीच्या आड असायचं, आता त्या पायांपर्यंत दिसायला लागल्या. कोपर टेकायची सवय, आणि टेकायला काही नाही. त्या दिवसभर कपाटांमधल्या बोळांतून चालत राहायच्या, एखाद्यानं पुस्तक उलटं ठेवलं की मागून जाऊन सुलटं करायच्या. शेठनी मशीन दोन-चार दिवसांत हातात घेतलं. बाईंच्या हातून ते कधी दोनदा टुक करायचं, कधी एकदाही नाही. रांग लागली की शेठ न बोलता त्यांच्या बाजूला सरकायचे आणि पुस्तक हातातून घ्यायचे. बाईंना ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

मुलं मात्र यायला लागली. पूर्वी सत्राच्या सुरुवातीला एकदा यायची, आता दोन तासांमधल्या मोकळ्या वेळातही येत. कपाटांना पाठ लावून फरशीवर बसत, वाचत, आणि वाचून झालं की पुस्तक ठेवून निघून जात. काही विकतही घेत.

एका दुपारी अशीच एक मुलगी भिंतीशी पाय पसरून बसली होती. बाईंनी तिला आदल्या दिवशी पाहिलं होतं, त्याच्या आदल्या दिवशीही. तेच पुस्तक, रोज थोडं पुढे.

"घ्यायचंय की बघायचंय?" बाईंनी विचारलं.

मुलीनं मान वर केली. "वाचतेय."

"ते दिसतंय. घ्यायचंय का?"

"अजून ठरवलं नाही."

बाईंनी वाकून पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं. मुलगी सोडेना, एक पान टरकन फाटलं. सगळं दुकान वळून बघायला लागलं. मुलगी उठून निघून गेली, आणि संध्याकाळपर्यंत तिची तक्रार प्राचार्यांकडून कंपनीकडे आणि कंपनीकडून मॅनेजरकडे आली.

भाचीनं बाईंना मागच्या छोट्या खोलीत बोलावून लेखी ताकीद दिली. "वाचा आणि खाली सही करा," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. बाईंनी न वाचता सही केली.

"वाचा म्हटलं मी."

"मला माहीत आहे काय लिहिलंय ते. मीच केलंय."

घरी न्यायचं नाही असा करार होता, पण शेठच्या बायकोनं इस्पितळात औषध घेताना अक्काला सांगितलं. अक्का पाळी संपवून तशीच, गणवेशात, बाईंच्या घरी आली. भाचीलाही तिनं फोन करून बोलावून घेतलं होतं.

"स्वतःच्या मावशीला नोटीस देतेस? जिनं तुला भरवलं, तिला?"

"आई, पान फाटलंय. मुलीच्या बोटाला लागलंय."

"बोटाला! मी रोज फुटलेली डोकी बघते."

"अक्का, गप बस," बाई म्हणाल्या. "तिनं बरोबर केलं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं."

अक्का बहिणीकडे बघत राहिली. ज्याच्यासाठी चोरी करावी त्यानंच चोर म्हणावं, तसं तिचं झालं. ती चप्पल घालून निघून गेली. भाचीही थोड्या वेळानं गेली. जाताना तिनं "येते" म्हटलं आणि बाईंनी मान हलवली. दोघींना वाटलं असेल की मिटलं.

त्या मुलीशी बाई पुन्हा कधी बोलल्या नाहीत, पण ती आली की त्या दुसऱ्या बोळात जायच्या. फरशीवर बसलेल्यांना उठवणं त्यांनी सोडलं. त्यांना ते पटलं होतं असं नाही. वरिष्ठांनी सांगितलंय म्हणून करायचं, एवढाच त्यांचा हिशोब.

पुढल्या वर्षी कंपनीचा आदेश आला की लहान दुकानांत मॅनेजर धरून दोनच माणसं ठेवायची. म्हणजे बाई आणि शेठ यांतला एक जाणार. भाचीनं तो आदेश काही दिवस स्वतःजवळ ठेवला. मग एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तिनं बाईंना मागच्या खोलीत बोलावलं.

"या सत्रानंतर एकच जागा राहणार आहे. मी शेठना ठेवतेय."

बाई उभ्याच होत्या. "कारण?"

"त्यांचा मशीनवर हात चालतो. तुमचा अजून अडखळतो. आणि..." ती थांबली. "मुलं त्यांना काही विचारायला घाबरत नाहीत."

"मला घाबरतात?"

"थोडी."

बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. इतक्या वर्षांत मुलं आपल्याला मान देतात असंच त्या समजत आल्या होत्या. मान आणि भीती यांत फरक असतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण आपल्या बाबतीत तो कधी तपासून पाहिला नव्हता.

"बरं," त्या म्हणाल्या. "दुकान उघडायची वेळ झाली."

रात्री जेवताना त्या यजमानांना म्हणाल्या, "मी असते तर मीही शेठनाच ठेवलं असतं. पण आधी घरी येऊन सांगितलं असतं."

"आणि ती घरी आली असती तर तू म्हणाली असतीस, दुकानाचं दुकानात सांग."

बाईंनी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला, म्हणजे ते खरं होतं.

निरोपाच्या दिवशी शेठ त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले. शेठ सबंध वर्षात बोलले नसतील तेवढं फाटकापर्यंत बोलले. "मी म्हटलं होतं मॅडमना, मलाच काढा म्हणून. पण मुलीचं शिक्षण चाललंय, म्हणून फार जोर लावून म्हटलं नाही."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. "उगाच जोर लावला असतात आणि त्यांनी ऐकलं असतं तर?"

अक्कानं लेकीशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहून दोघी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलावं तशा बोलायच्या: "कुणाला भात हवा असेल तर झाकून ठेवलाय." बाईंनी मधे पडायचं नाकारलं, आणि अक्काच्या घरी जाणंही. रागानं म्हणावं तर त्या रागावल्यासारख्या दिसत नव्हत्या. जायचं कारण सापडत नव्हतं, इतकंच.

घरी बसून करायचं काय हा प्रश्न होता. घर दोन माणसांचं, दहाच्या आत आवरून व्हायचं. यजमान काटे दुरुस्त करत बसायचे आणि बाई त्यांना सूचना करायच्या. चौथ्या सूचनेला यजमान म्हणाले, "तू जरा फिरून ये."

फिरताना कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर त्यांना एका ड्रायव्हिंग स्कूलसमोर भांडण दिसलं. मालकीणबाई, अंगानं भारी आणि आवाजानं त्याहून भारी, एका गाडीवर दोन शिकाऊ माणसांना एकच वेळ देऊन बसल्या होत्या. दोघंही दार धरून उभे. बाई थांबल्या, ऐकलं, आणि सवयीनं म्हणाल्या, "तुम्हाला ऑफिस गाठायचंय, तुम्ही आत्ता जा. तुम्ही दुकानदार दिसता, दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा या. आणि आता दार सोडा, तुटेल."

दोघांनी दार सोडलं. मालकीणबाईंनी बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उद्यापासून येता का? मला कुणी घाबरत नाही हो."

इथं तोच गुण ठरला. बाई वेळा लावायला बसू लागल्या. उशिरा येणारे वेळेवर यायला लागले. महिन्याभरात मालकीणबाई म्हणाल्या, "इथे बसता आणि गाडी येत नाही, हे बरं दिसत नाही." बाईंनी हो-नाही करत चाक हातात धरलं. शिकवणारा मास्तर तरुण आणि तोंडाळ. "बाई, क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे, सारखं पाय घासू नका!" बाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पोरासोरानं दरडावलं. त्यांनी ऐकून घेतलं. पहिल्या परीक्षेत त्यांनी खांब पाडला, दुसऱ्या वेळी पास झाल्या. यजमान मात्र त्यांच्या गाडीत बसायला तयार होईनात. म्हणत, "तू हो पुढे, मी चालत येतो, तुझ्या आधी पोचेन."

इकडे दुकानात भाचीचे दिवस फार चांगले गेले नाहीत. शर्ट खपले, पुस्तकं बरी खपली, पण करार संपल्यावर कॉलेजनं जास्त देऊ करणाऱ्या दुसऱ्याच कंपनीला दुकान दिलं. नव्या कंपनीनं कपाटांची दिशा बदलली, शर्टांचा रंग बदलला आणि शेठना मशीनसकट ताब्यात घेतलं. भाचीची बदली दूरच्या एका शहरात झाली.

जायच्या आदल्या दिवशी बाईंना अक्काचा फोन आला. "तिच्यापाशी चार खोकी आहेत. टॅक्सीवाला घेत नाही म्हणतोय." आणि मग, जरा थांबून, "तू येशील का गाडी घेऊन?"

बाईंनी मालकीणबाईंना विचारून ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेतली, छतावर पाटी असलेली. खोकी मागे भरली, उरलेल्या जागेत अक्का अंग चोरून बसली, भाची पुढे. बाईंनी आरसा नीट केला, पट्टा बांधला, भाचीलाही बांधायला लावला.

गाडी बाजाराच्या चौकापर्यंत आली. मागून अक्का मधून मधून "हळू, हळू" म्हणत होती, गाडी उभी असतानाही.

"मावशी, एक विचारू?"

"आत्ता नको. पुढे सिग्नल आहे."

सिग्नल गेला.

"तू अजून रागावली आहेस का माझ्यावर?"

बाईंनी गिअर बदलला. तो नीट पडला नाही, पुन्हा टाकला. "रागावले होते. बरेच दिवस. तू चुकलीस म्हणून नव्हे. तू बरोबर होतीस म्हणून जास्त." मग म्हणाल्या, "आता बोलू नकोस, मला एका वेळी दोन गोष्टी येत नाहीत."

भाची खिडकीतून बाहेर बघत बसली. तिचं तोंड दिसत नव्हतं. मागे अक्कानं पर्समधून रुमाल काढला, पण तो वापरला नाही, हातात घट्ट धरून ठेवला.

स्टेशनसमोर गाड्या थांबवायला बंदी होती. बाईंनी थांबवली. पोलीस शिट्टी मारत आला, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवला. भाचीनं भराभरा खोकी उतरवून हमालाच्या गाडीवर रचली. अक्कानं काच खाली करून सकाळपासून न सांगितलेल्या सगळ्या सूचना एका दमात सांगितल्या: पाणी उकळून पी, दाराला दोन कड्या लाव, ताप आला तर फोन कर. भाची वळसा घालून बाईंच्या बाजूला आली. बाईंचे दोन्ही हात चाकावर होते.

"पोचलीस की कळव," बाई म्हणाल्या.

"कुणाला आधी?"

"मी इथेच बसलेय हं," अक्का मागून म्हणाली.

भाची हसली. पोलीस आता अगदी जवळ आला होता. बाईंनी गाडी पुढे काढली, आणि आरशात बघायचं त्यांना जमलं नाही, कारण समोरून बस येत होती.

येताना त्यांची एक वळणाची जागा चुकली आणि गावाबाहेरच्या रस्त्यानं लांबचा फेरा पडला. मग अक्कानं पुढे सरकून दोन्ही आसनांच्या मधे हात ठेवला.

"उद्या माझी सकाळची पाळी आहे," ती म्हणाली. "सोडशील?"

"शिकवणीची गाडी आहे ही," बाई म्हणाल्या. "विचारून सांगते."